वायरमनचे शेवटचे शब्द

“...आणि बा म्हाराजाऽऽ, ह्या वाळयेचो जो कोण राखणदार आसात, तुझा नाव आमका म्हायत नाय, तुझी भाषा आमका येणा नाय, तरी आमका तुझीच लेकरां समजान सांभाळ रे म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजाऽऽ!”

आखातातल्या साखीरच्या वाळवंटात, भर दुपारी, हातात नारळ घेऊन ओरडणारा तो मी. माझा आवाज साधा नाही. मालवणात शिंकलो तर देवगडच्या होड्या माघारी फिरतात. आमच्या तळकोकणात नव्या जागी चूल पेटवण्याआधी त्या जागेच्या राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. वाळवंट झालं म्हणून काय झालं, जागा म्हटली की राखणदार आलाच.

आमचा मालक, आमचा अरबाब, त्याच्या कॅराव्हॅनच्या दारात आला आणि हा आरडाओरडा कसला, म्हणून विचारलं.

“इन्शुरन्स, अरबाब,” ड्रायव्हर म्हणाला.

“इंशाल्ला,” म्हणून अरबाब आत गेला.

ड्रायव्हर हसला नाही. रंगारीही हसला नाही. कारण आम्ही तिघंच होतो. ओरडणारा मी, ‘व्हय’ म्हणणारे ते दोघे. आणि ‘व्हय’ आले होते तीन. तिसरा जाड, विडीने खरवडलेला, शेवटचा ‘जा’ लांबवत नेणारा. तो आवाज आम्हा तिघांच्याही ओळखीचा होता. मी खूप थापा मारतो, पण ही मारत नाही. नारळ फोडायचा राहिला, आणि रंगारी म्हणाला, “चला, चाय ठेवूया.” त्याने कप चार मांडले, मग एक परत ठेवून दिला.

चौथा म्हणजे आमचा वायरमन. गेल्या सीझनपर्यंत गाऱ्हाणं तोच घालायचा.

दर हिवाळ्यात अरबाबचं अख्खं कुटुंब बुदैयाचं पंधरा खोल्यांचं घर सोडून इथे दोन तंबू आणि तीन कॅराव्हॅनमध्ये राहायला येतं, आणि जनरेटर, पाणी, वायरिंग बघायला आम्ही येतो. आमची कॅराव्हॅन सगळ्यात जुनी, चार बाकड्यांची, एका अंगाला कललेली. तिच्यात सरळ झोपायचं तर डोकं उशीवर आणि पाय शेजारच्याच्या तोंडावर. तरी आम्हा चौघांना वर्षभर तिचीच ओढ. मुहर्रकच्या आमच्या खोलीवरून विमानं इतकी खालून जातात, की दोरीवरचा माझा टॉवेल तीनदा कोचीला जाऊन आलाय. तिथे अकरा वर्षं राहून समोरच्या दारात कोण राहतं ते मला ठाऊक नाही. इथे दोन दिवसांत कुणाच्या पोराला जुलाब झालेत इथपर्यंत कळतं. वायरमन रोज सकाळी दारापुढची वाळू झाडायचा, पाणी मारायचा, आणि खळं घातल्यासारखं करून त्यावर उकिडवा बसायचा. “घराकडे बसल्यासारा वाटता,” म्हणायचा. घराकडे! आमच्या वाडीत अर्ध्या घरांना कुलपं आहेत. गणपतीला उघडतात, मे महिन्यात उघडतात, की परत बंद. अरबाबचा कॅम्प तरी दरवर्षी पाच महिने भरतो. मी एकदा त्याला म्हटलं, “मेल्या, खरो कॅम्प खयचो, हो काय तो?” तो नुसती वाळू झाडत राहिला.

तर गेल्या सीझनचा तो शुक्रवार. आम्ही तिघं ईसा टाउनला बाजाराला निघालो. वायरमन बाकड्यावर पडून होता. छातीत जळजळतंय, म्हणाला, “येताना इनो घेवन ये.” तासाचं काम. पण बाजारात चहाच्या दुकानात आपली माणसं भेटली, आणि मला माणसं भेटली की तोंड बंद राहत नाही. मी त्यांना वाऱ्याची गोष्ट सांगायला घेतली. साखीरला असा वारा सुटला, की बिर्याणी खात बसलेल्या सात जणांसकट तंबू उडाला आणि थेट बुदैयाला त्यांच्याच अंगणात उतरला, भात अजून गरम! लोक पोट धरून हसले. मग आणखी एक सांगितली. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, “यल्ला, चल, तो थय एकटो आसा.” मी म्हटलं, “ही एक संपव दी.”

चार तासांनी परतलो. टीव्ही चालू होता. इनोची पुडी माझ्या खिशात होती.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही असता तरी कदाचित काही झालं नसतं. ‘कदाचित’ हा शब्द त्या दिवसापासून आमच्या कॅराव्हॅनमध्ये पाचव्या माणसासारखा राहतो.

गावी त्याच्या बायकोला, वैनींना, फोन करायचं काम माझ्यावर आलं, कारण बोलतो मी. वैनी रडल्या नाहीत. एकच विचारलं, “जाताना काय बोलले?”

आता सांगा, काय सांगायचं? टीव्ही चालू होता, हे? माझ्या तोंडातून आलं, “आमी सगळे बाजूक होतो, वैनी. मी पाणी घातलंय तोंडात. तो म्हणालो, तिका सांग, घराक कुलूप घालू नको.” एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला फोडणीशिवाय डाळ वाढता येत नाही. मी पुढे त्याच्याच तोंडी जोडलं, “मी येतलंय.”

ही थाप मी विसरूनही गेलो होतो. या वर्षी, गाऱ्हाणं घातलं त्याच आठवड्यात, पुण्याहून त्याच्या मुलीचा फोन आला.

“काका, आई मागच्या दारी पडली. हाताचं हाड मोडलंय. सकाळी पडलेली ती दुपारी पोस्टमनला सापडली. मी न्यायला गेले तर येत नाही म्हणते. बाबांचे शेवटचे शब्द, म्हणते. दाराला कडीसुद्धा लावत नाही, झोपतानाही नाही. ते येणार म्हणून. काका, तुम्ही होतात ना तिथे? तुम्हीच सांगा तिला.”

मी म्हटलं, सांगतो.

फोन ठेवल्यावर वायरमनच्या बाकड्याकडे बघितलं. त्यावर आम्ही कुणी पिशवीदेखील ठेवत नाही. तिकडे ती बाई मोडका हात घेऊन दार उघडं टाकून बसलेली, आणि हा इथे माझ्या गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणतोय. बिचाऱ्याची वाट कुणी चुकवली? जिवंतपणी तो वायरीच्या जंजाळातून नेमकी वायर काढायचा, आणि मेल्यावर मी त्याला खोट्या पत्त्यावर बोलावलं.

दोन दिवस मी जनरेटरच्या कडेला फिरत काढले. मग मला युक्ती सुचली, माझ्यासारख्याला सुचते तीच. थापेवर थाप! स्वप्नात आला म्हणून सांगायचं. मुलीकडे जा म्हणाला. कुणाचं काय जातंय? शुक्रवारी सकाळी कॅराव्हॅनच्या मागे जाऊन फोन लावला.

“वैनी, काल तो सपनात इललो.”

“कोण?”

“कोण म्हणजे? आमचो वायरमन! पांढरो शर्ट, तेल लावन भांग पाडललो, आणि...”

इथे मी दम घेतला. माझ्या प्रत्येक गोष्टीत ही जागा ठरलेली असते. मी दम घ्यायचा आणि वायरमनने बाजूला बसून गंभीर तोंडाने म्हणायचं, “व्हय तर, मी बघितलंय.” उडणाऱ्या तंबूलासुद्धा तो साक्षीदार असायचा. त्याच्यामुळे माझ्या थापा चालायच्या. मी थांबलो. वाळूवरून वारा गेला, पत्रा वाजला. ‘व्हय’ काही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ जागच्या जागी बसली.

“भावजी? आसास काय?” वैनी म्हणाल्या.

“वैनी, सपान बिपान काय नाय. त्या दिवशी मी थय नव्हतंय. कोणच नव्हता.”

पलीकडे कोंबडा आरवला.

“आमी बाजारात होतो. मी गजाली मारीत रवलंय म्हणान उशीर झालो. तो एकटोच गेलो. कुलपाचा, येतलंयचा, ता सगळा मीच रचलंय. तेणी तुमका काय एक सांगूक नाय, वैनी.”

मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तरीच,” वैनी म्हणाल्या. “जल्मात कधी घराचा नाव घेतल्यानी नाय. माका वाटला, मरताना तरी शहाणे झाले.”

मग मला जे विचारायचं होतं तेच विचारलं.

“मग आता पुण्याक चेडवाकडे जातलात?”

“आता नको. कुळीथ काढून झाले, की मी जातंय तिच्याकडे.”