इंजिनासाठी केलं, साबण झाला

वसतिगृहातल्या मैत्रिणींनो, आज दुपारी राहात्याचे पाहुणे मला बघून गेले.

विहिरीवरचं डिझेल इंजिन करंजाच्या तेलावर चालावं, म्हणून ते पातळ करायला मी त्या तेलात स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालून बघत होते. तेलात पाणी राहिलं आणि सगळ्याचा साबण झाला. आईने त्याच्याच वड्या पाडून पाहुण्यांपुढे ठेवल्या. "पोरगी घरीच साबन करती!"

"लई कामाची हाय," मुलाची आई म्हणाली. "आमच्यात बारा मानसांचं धुनं असतं."

मी म्हणाले, "हा फसलेला प्रयोग आहे. मला इंजिन चालवायचंय."

"इंजिनाला गडी हाय की. तू धुनं बघ," त्या हसल्या आणि माझ्या वडिलांनी लगेच सुपारी फोडली.

पुढच्या खेपेला तेल आधी तापवून पाणी घालवायचं, हे आता कळलंय. पण पुढची खेप मिळेल का? ठरलेलं लग्न तुमच्यापैकी कुणी मोडलं आहे का? घरी काय सांगितलंत?