तांब्याभर जंजिरा

चिंच कोळून पितळेवर चोळली की एक वास सुटतो. आंबट, थोडासा कडवट, ओल्या नाण्यांसारखा. वर्षातून दोनतीनदा खानदेशात, मेहरूणच्या माझ्या या घरात तो वास दरवळतो, कारण मांडणीवरचा सोनगीरी तांब्या मी स्वतःच घासते. कामाला येणाऱ्या बाईंच्या हाती देत नाही. त्यांना वाटतं, म्हातारीचा विक्षिप्तपणा. असेलही. पण त्या तांब्याच्या पोटाला अंगठ्याएवढा एक पोचा आहे आणि त्या पोच्यापाशी हात आला की माझा हात आपोआप सावकाश होतो. तांबटाकडे दिला असता तर त्याने दोन ठोक्यांत तो काढून टाकला असता. मी दिला नाही. हा पोचा समुद्रात पडलेला आहे, आणि ज्या मुलखात समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग, तिथे असा पोचा सहजासहजी मिळत नाही.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मला अलिबागला सरकारी कचेरीत नोकरी लागून दोन वर्षं होत आली होती. घरातली मुलगी एकटी एवढ्या लांब कशी राहते, काय खाते, हे डोळ्यांनी पाहून यावं म्हणून घरून माणसं निघाली. आली कोण, तर आबा आणि अक्का. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि अक्का त्या दोघांचीही थोरली बहीण. दोन एसट्या बदलून, भाकरीसाठी कळण्याचं पीठ, भरताची वांगी, शेंगदाण्याची चटणी असं एक अख्खं स्वयंपाकघर पोत्यात बांधून ते माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मला आनंदाआधी आश्चर्य वाटलं. कारण त्या दोघांचा अबोला होता, आणि आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आबा पाणाड्या होते. सोनगीरच्या पंचक्रोशीत कुणाला विहीर खणायची झाली की आधी आबांना बोलावणं जाई. भर दुपारी चपला काढून ते शेतातून अनवाणी चालत. हातात ना नारळ, ना उंबराची फांदी. तळपाय सांगतात, म्हणायचे. वारूळ कुठे आहे, बांधावरचं कुठलं झाड उन्हाळ्यात हिरवं राहतं, हे पाहत पाहत एका जागी थांबत आणि टाचेने खूण करत. बहुतेक वेळा पाणी लागे. पाण्यापाशी पायात चप्पल नको, हा त्यांचा दंडक होता आणि आम्हा घरच्यांनाही तो पाळावा लागे. विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडावर, चप्पल घालून गेल्याबद्दल मी लहानपणी दोन धपाटे खाल्लेले आहेत.

अशा आबांनी स्वतःच्या विधवा बहिणीच्या शेतात खूण केली आणि तिथे विहीर खणली, तर पाणी लागलं मचूळ. चहा नासावा, पीक पिवळं पडावं असं. अक्काने दोन उन्हाळे त्या खड्ड्यात घातले होते. तिने आरडाओरड केली नाही. तिला आबांकडून एकच शब्द हवा होता, माझं चुकलं. आबा म्हणत, खोदणाऱ्यांनी जागा दोन हात सरकवली. तिथून जे बोलणं थांबलं ते दोन वर्षं थांबलंच. आबांनी त्यानंतर कुणालाही पाणी दाखवलं नाही आणि अक्काने ठरवून टाकलं की येत्या अक्षय्य तृतीयेला शेत बटाईने द्यायचं आणि धुळ्याला मुलीकडे जाऊन राहायचं. एकटीला प्रवास जमत नाही म्हणून ती आबांबरोबर आली होती, एवढंच. दोघं एकाच खोलीत बसत आणि माझ्या मार्फत बोलत.

"तिले इचार, चहा लेस का?" आबा मला म्हणत. अक्का तीन हातांवर बसलेली.

"त्याले सांग, लिधा," घेऊन झाला, असं अक्का मला म्हणे.

चार दिवसांत मी टपाल खातं होऊन गेले.

एका संध्याकाळी मी बोलता बोलता म्हटलं की इथून दोनएक तासांवर मुरूडजवळ भर समुद्रात एक किल्ला आहे आणि त्या किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. आबांचा घास हातात राहिला. चारी बाजूंनी खारं आणि मधे गोडं? ते कसं? किती खोल? आटतं का? कुणी शोधलं? मी समुद्राच्या गावात राहून समुद्र पाहिला होता तो फक्त कचेरी सुटल्यावर, भेळ खाताना. आबांच्या डोळ्यांत मात्र कितीतरी दिवसांनी ती जुनी चमक आली आणि मला वाटून गेलं की नेलंच पाहिजे या माणसाला. अक्कानेही पदराआडून ऐकलं होतं. ती म्हणाली, मीही येते, समुद्राला नमस्कार घडेल. खरं कारण ते नव्हतं, पण मी खोलात शिरले नाही.

सकाळच्या एसटीने मुरूड, तिथून राजपुरीचा धक्का. ओहोटी होती. दोन होड्या चिखलावर कुशीवर पडलेल्या, मधे पाणी मागे सरलेलं. आबांनी धक्क्याच्या दगडांवरची ओली रेघ पाहिली, खालचं पाणी पाहिलं आणि विहिरीच्या काठावर उभं राहून द्यावा तसा निकाल दिला. "पानी उतरी गयं. आते कोठे येस परत?"

मी म्हटलं, "येतं आबा, रोज येतं."

त्यांनी माझ्याकडे दयाळूपणे पाहिलं. ज्यांनी आयुष्यभर नदीला दिवाळीनंतर उतरताना आणि थेट पावसाळ्यात परतताना पाहिलं, त्यांना पाणी दिवसातून दोनदा घरी येतं हे कसं पटावं?

शिडाच्या होडीत बसल्यावर अक्काने डोळे मिटून घेतले आणि किल्ला जवळ येईपर्यंत उघडले नाहीत. आबा मात्र काठावर हात टेकून वाकून वाकून पाहत होते. एकदा बोट बुडवून त्यांनी पाणी जिभेला लावलं आणि थू करून मान डोलावली. किल्ला लांबून सलग काळी भिंत वाटतो. दरवाजा कुठे ते कळत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यातून एकदम कमान समोर येते. आम्हाला किल्ला म्हटला की सोनगीरचा माहीत, महामार्गावरून दिसणारा, उन्हात भाजणारा. हा किल्ला पाण्यात पाय सोडून बसला होता. दरवाजाच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. खालच्या तीनचार पायऱ्या नुकत्याच उघड्या पडलेल्या, ओल्या. होडीवाल्याने एकेकाला हात धरून उतरवलं आणि तासाभरात या म्हणून बजावलं.

आबांनी तिथेच, त्या खालच्या पायरीवर, चपला काढल्या.

"त्या किल्लाना मझार गोड पानी शे ना? मंग चपला आठेच."

अक्काने मुकाट्याने काढल्या. मीही काढल्या. दोन वर्षं भरती-ओहोटी पाहिलेली, पदवीधर, नोकरदार मुलगी मी. पण आबांनी पाण्यापाशी असं पाहिलं की माझं वय आपोआप सात व्हायचं. तीन जोड कमानीकडे टाचा करून नीट ओळीत ठेवले आणि आम्ही आत गेलो.

आत तोफा होत्या, पडके महाल होते, भिंती फोडून वर आलेली झाडं होती. इतर मंडळी मोठ्या तोफेवर हात ठेवून फोटो काढत होती. आबांनी तोफांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तलाव सापडला आणि ते त्याच्या काठावर उकिडवे बसले ते बसलेच. गोल बांधीव तलाव, हिरवट पाणी, वर वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या. पलीकडे तटावर लाटा आपटल्याचा आवाज येत होता. अक्काने घरून आपल्याबरोबर आणलेला सोनगीरी तांब्या बुडवला, पदराने गाळून घोटभर घेतलं आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"बठ्ठा समिंदर खारा, नि हाई गोड शे!"

ती हे कुणाला म्हणाली? माझ्याकडे तर पाहत नव्हती. आबांकडेही नाही. पाण्याकडे पाहत म्हणाली.

किल्ला दाखवणारा एक माणूस जवळच होता. त्याने सांगितलं की खाली जिवंत झरा आहे, पूर्वीपासूनचा. आबांनी ऐकून घेतलं. मग ते तलावाभोवती अनवाणी फिरले, एकदा, दोनदा. भिंतीवरच्या पाण्याच्या जुन्या रेघा बोटाने तपासल्या, जमिनीचा उतार कुठून कुठे आहे ते पाहिलं, खडकावर टाच दाबून उभे राहिले. तास कधीच उलटून गेला होता. आमची होडी गेलीही असेल, म्हणून मी सारखी घड्याळाकडे पाहत होते. शेवटी ते परत आले आणि हलकेच म्हणाले, "हाई पानी खाले नही सापडेल. हाई वरथून पडेल शे. लोकेसनी धरी ठेवं."

पावसाचं पाणी, साठवलेलं. झरा खरा की आबा खरे, मला आजही माहीत नाही. पण बोलताना ते माझ्याकडे पाहत असले तरी आवाज अक्काला ऐकू जाईल एवढा ठेवला होता. मग त्यांनी तिच्या हातातून तांब्या घेतला, न विचारता, काठोकाठ भरला, खांद्यावरचा पंचा फाडून त्याचं तोंड बांधलं.

दरवाजात आलो तर पायऱ्या नव्हत्या. म्हणजे वरच्या होत्या, खालच्या गेल्या होत्या. जिथे चपला ठेवल्या तिथे हातभर हिरवं पाणी डुचमळत होतं. दूर लाटेवर अक्काची एक चप्पल पालथी होऊन राजपुरीच्या दिशेने निघाली होती. बाकीच्या पाच दिसल्याच नाहीत. दुसऱ्या फेरीची होडी लागलेली. होडीवाला पोट धरून हसत म्हणाला, "काका, दर्याच्या दारात चपला काढल्यात? दर्या घेऊन गेला ना!"

आबा पाण्याकडे पाहत उभे राहिले. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती, निव्वळ नवल होतं. उतरलेलं पाणी दोन तासांत परत आलं होतं. होडीत बसताना ती हेलकावली आणि त्यांच्या हातातला तांब्या फळीच्या कडेवर आदळला. पोचा पडला. पंचा भिजला, थोडं पाणी सांडलं, पण त्यांनी तांब्या छातीशी धरला. आणि अक्का हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याकडे सरळ बघून बोलली.

"आबा, हाई पानी बी तुले नही समजनं."

"नही समजनं," आबा म्हणाले. होडी बरीच पुढे गेली. शिडात वारा भरला. तांब्याच्या पोच्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "तुनी इहिरनं बी नही समजनं, अक्का. मनं चुकनं."

अक्काचं हसू थांबलं. या खेपेला तिने डोळे मिटले नव्हते. धक्का जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "मंग आते काय करसूत?" आणि आबा लगेच, जणू ते उत्तर तलावापासून तोंडात धरून बसले होते, म्हणाले की शेताच्या कडेच्या नाल्याला बांध घालसूत, वरनं पानी धरसूत. राजपुरीच्या तापलेल्या रस्त्याने आम्ही तिघं अनवाणी चालत निघालो. ती दोघं पुढे बोलत होती आणि मागे माझे पाय भाजत होते. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

तो तांब्या एसटीत मांडीवर बसून खानदेशात गेला. विरजण लावावं तसं आबांनी ते पाणी अक्काच्या विहिरीत ओतलं, असं वडिलांनी पत्रात लिहिलं होतं. अक्षय्य तृतीया आली, गेली. शेत बटाईने दिलं गेलं नाही. आबांनी आणि गावातल्या चौघांनी नाल्यावर दगडमातीचा बांध घातला आणि दोन पावसाळे त्यामागे पाणी तुंबून जिरलं. मी सुटीत गेले तेव्हा अक्काने याच तांब्याने विहिरीचं पाणी काढून मला दिलं आणि विचारलं, "कसं शे?"

मी तोंड उघडायच्या आत आबांनी तांब्या घेऊन घोट घेतला. जिभेवर घोळवला. आणि अगदी इमानदारीने म्हणाले, "जराशी मचूळ शे."

"गोड शे!" अक्का कडाडली.

"मचूळ शे, अक्का."

"तुनी जीभच मचूळ शे!"

आणि मग जे जुंपलं ते संध्याकाळपर्यंत. दोघं एकमेकांच्या तोंडावर भांडत होते, मधे मी नको, निरोप नको. मी थारोळ्यावर अनवाणी बसून ऐकत राहिले.

आता दोघंही नाहीत. शेत अक्काच्या नातवाकडे आहे, तांब्या माझ्याकडे आला. बांध अजून आहे म्हणतात, मी बऱ्याच वर्षांत गेलेले नाही. घासून लख्ख झालेला तांब्या मी नळाखाली धरते, भरते आणि उभ्या उभ्या घोटभर पिते. चिंचेचा, पितळेचा आणि कसला तरी तिसरा एक स्वाद लागतो. गोड म्हणू की मचूळ, माझं अजून ठरत नाही. आणि खरं सांगू, ठरायला नकोच आहे मला. जोवर ठरत नाही तोवर ती दोघं त्या विहिरीवर भांडत उभी आहेत.