सगळेच पापी, उभी मी एकटी

"हिला देऊ नका."

गुडघे टेकून, हात पुढं करून बसले होते मी. प्रभुभोजनाची भाकर हातावर पडणार, तेवढ्यात मागून आवाज आला. पाळकसाहेबांचा हात थांबला. शेजारच्या बाईला मिळाली, मला नाही. अख्खी मंडळी बघत होती.

आवाज आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या साहेबांचा. देवळाली कॅम्पला बंगला, दिंडोरीला द्राक्षाची बाग. मी तिकडंच वाइनच्या कारखान्यात जाते. पट्ट्यावरून घड येतात, त्यातले सडके मणी काढायचे. दिवसभर उभ्यानं.

साहेब म्हणाले, "दारूच्या कारखान्यात जातेस. आधी मंडळीपुढं उभी राहा, पाप कबूल कर. मग भाकर." वर हळूच, पण मला ऐकू जाईल असं, "तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे ते."

मी उठले, गपचूप जागेवर जाऊन बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून संताप येतो.

आमची आजी ख्रिस्ती झाली, ती मिशनवाले वाटायचे त्या दुधाच्या पावडरीसाठी झाली म्हणतात लोक. साफ खोटं. आजी सांगायची, "गावात इटाळ फक्त आपलाच मानायचे. या पुस्तकात लिव्हलंय, सगळेच पापी हाय. पाटील पण, भट पण, गोरा साहेब पण. मला लय बरं वाटलं बघ." पापी म्हटल्यावर खूश होणारी बाई! पण तिला कळलं होतं. पापात तरी सगळे एका ओळीत.

कसली ओळ अन् कसलं काय! चर्चमध्ये साक्ष द्यायला उभ्या राहतात त्या आमच्याच बाया. नवऱ्याची दारू, घरातली भांडणं, सगळं रडत सांगतात. बंगलेवाले बाकावर बसून "आमेन" म्हणतात. साहेबांच्या घरातलं एक माणूस कधी उभं राहिलेलं मी बघितलं नाही.

पुढच्या रविवारी मला पुढं बोलावलं. आता ही रडणार, म्हणून सगळे सरसावून बसले. मी माईक घेतला.

"मी पापी आहे," म्हटलं. साहेबांनी मान डोलावली. "जळते लोकांवर, पोराला रागात मारते. ते देवाला सांगितलंय. पण द्राक्षांचं पाप माझ्या एकटीचं नाय. साहेबांच्या बागेचा माल त्याच पट्ट्यावर येतो. ते विकतात, मी निवडते. त्यांनी पण इथं यावं. दोघं मिळून कबूल करू."

साहेब लालेलाल झाले. "अगं, तो व्यवसाय आहे!"

वा रे वा! विकला तर व्यवसाय, निवडला तर पाप.

माझ्या हातातून माईक काढून घेतला. बाहेर आल्यावर सासू म्हणाली, "माफी मागून टाक ना बाई. काय जातंय तुझं?"

माझं सगळंच जातंय, आत्याबाई.

भाकर अजून मिळालेली नाही. तरी मी दर रविवारी जाते. पुढच्या बाकावर बसते, बंगलेवाल्यांच्या शेजारी. उठवून दाखवा म्हणावं. मी पापी आहे, हे मला बायबलनं सांगितलं. मी नीच आहे, हे त्याच्या एकाही पानावर नाही. सगळ्यांनी पाप केलंय ना? मग सगळ्यांनी उभं राहावं. मी एकटी आता उभी राहणार नाही.