बाळंतिणीच्या खोलीची दुसरी काच

शेजाऱ्यांनो, वसाहतीच्या फलकावर मुद्दाम लिहितोय. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या.

माझी मुलगी बाळंतपणाला धुळ्याला आलीय. यंदा थंडी कडक, म्हणून तिच्या खोलीच्या खिडकीला मी बाहेरून दुसरी काच बसवली. सुतार म्हणाला, "उघडणारी करू का?" मी म्हटलं, "पक्कीच बसव. ऊब टिकेल, कोळसा कमी लागेल." वरचा झरोकाही मीच कागद चिकटवून बंद केला.

आज सकाळी शेकासाठी आत शेगडी ठेवली आणि दार लावलं. थोड्या वेळाने मालिशवाल्या अक्का आल्या. त्यांनी हाका मारल्या, आतून उत्तर नाही. दार ढकललं, तर मुलगी भिंतीला टेकून निपचित बसलेली. कुशीतलं बाळ रडतही नव्हतं.

"भाऊ, आठे बठ्ठं बंद शे," इथं सगळंच बंद आहे, असं म्हणत अक्कांनी वरवंट्याने दोन्ही काचा फोडल्या. मी नुसता उभा होतो.

दोघांना अंगणात आणल्यावर बाळ रडलं. डॉक्टर म्हणाले, शेगडीचा विषारी वायू कोंडला होता, थोडक्यात वाचली दोघं.

तुमच्याकडचे झरोके उघडे आहेत ना? आधी जाऊन बघा. मीही घरी निघालो. बाळ झोपलंय, आणि ते झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरल्याशिवाय मला राहवत नाही.