राबात गेलेल्या आठ पिशव्या

आमच्या दोन शेळ्यांच्या गळ्यात एका दिवसापुरते पत्र्याचे नंबर होते. एकीच्या अकरा आणि दुसरीच्या चौदा. शेजारच्या काकीने विचारलं, "बाकीच्या बारा कुठं चरायला गेल्या गो?" सासूबाई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण ते नंबर कुठून आले ते मला माहीत होतं.

पुण्याच्या एक बाई आमच्या वरच्या रानाचा अभ्यास करत होत्या. पोलादपूरला एसटी सोडली की तासभर चढण, मग आमची वाडी, आणि वाडीच्या वर रान. त्यांनी रानातून येणाऱ्या वहाळावर दगडांचा छोटा बांध घातला आणि त्यात एक पट्टी उभी केली. रोज सकाळी पाणी पट्टीवर कुठवर आहे ते बघून लिहायला आणि आठवड्याला एक बाटली भरून ठेवायला त्यांना वाडीतलं माणूस हवं होतं. लिहिता येणारे पुरुष महाडच्या कारखान्यांत नाहीतर मुंबईला. सासूबाईंनी मला पाठीला हात लावून पुढे ढकललं.

"ही माझी सून चवथी पास हाय. बोलत नाय, पण लिवते झकास."

मी मान खाली घातली, आणि तेवढ्यात काम ठरलं. शाळा सुटल्यापासून मी वाणसामानाच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. आता मला वही मिळाली, पेन मिळालं, आणि रोज सकाळी कळशी न घेता वहाळावर जायचं कारण मिळालं. त्या कामाचा मला इतका आनंद होता की पट्टी बघायला मी उजाडायच्या आधीच निघायची आणि दिसत नसली तर उजाडेपर्यंत बसून राहायची.

बाईंनी एकदा मला समजावून सांगितलं होतं. झाड जमिनीतून खत घेतं आणि गळलेल्या पानांतून ते परत देतं. मधल्या मधे पाण्याबरोबर किती वाहून जातं, ते त्यांना बघायचं होतं. म्हणून त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाशी वजन केलेली सुकी पानं नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत शिवून काही ऐनाच्या, काही किंजळीच्या झाडांखाली ठेवली. प्रत्येक पिशवीला पत्र्याचा नंबर. दर महिन्याला दोन पिशव्या उचलून पुण्याला न्यायच्या आणि किती कुजलं ते बघायचं. ह्या पिशव्यांना हात लावू नका, हे वाडीत सांगायचं काम माझं होतं. ते मी केलंच नाही. बायाबायांत उभं राहून असं काही सांगायचं, ह्या विचारानेच मी कळशी उचलून घरी निघायची. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत फाल्गुन आला.

फाल्गुनात आमच्याकडे राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, त्यावर कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, त्यावर रानातून झाडून आणलेला पातेरा, म्हणजे सुका पाचोळा, वरून माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. बाया उजाडताच रानात जाऊन पातेऱ्याचे भारे आणतात. त्या दिवशी मी वहाळावरून सरपण गोळा करून दुपारी परत आले तर दोरीवर नायलॉनच्या जाळ्या धुऊन वाळत घातलेल्या. एक जाळी सुकट भरून वाशाला टांगलेली, मांजरापासून लांब. आणि शेळ्यांच्या गळ्यात नंबर.

"आये, ह्या कुठनं आणल्या?"

"ऐनाखाली होत्या. कुणी शहाण्यानं पातेरा शिवून ठेवलेला. आयता भारा! जाळी काय मजबूत हाय गो."

"आणि पानं?"

सासूबाईंनी शेताकडे बोट दाखवलं. राब धुमसत होता.

मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. इतकं एका दमात मी त्या घरात कधी बोलले नव्हते. सासूबाईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"मंग भर ना परत. पानं ती पानंच. रानात काय कमी हाईत?"

त्यांनी वाशाची सुकट टोपलीत ओतली, जाळी दोनदा धुतली, शेळ्यांच्या गळ्यातले नंबर सोडले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी आठही पिशव्या ऐनाच्या पानांनी भरल्या, शिवल्या आणि जागच्या जागी ठेवल्या. वरून थोडी मातीही टाकली.

"झालं," सासूबाई हात झटकत म्हणाल्या. "आता देवालाबी कळायचं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी बघितली आणि वही उघडली. पेन पुढे सरकेना. बाई माझे आकडे कधी तपासत नसत, जसेच्या तसे उतरून घेत. त्या पिशव्या खोट्या, तर माझ्या वहीतला कोणता आकडा खरा? बाईंना कळलं तर काम जाईल, आणि नाही कळलं तर ही वही मला रोज उघडावी लागेल. मी पट्टीचा आकडा लिहिला आणि त्याच्याखाली लिहिलं: "ऐनाच्या आठ पिशव्यांतली पानं आमच्या राबात जळाली. आता आहेत ती पानं दुसरी आहेत. वाडीत सांगायचं माझ्याकडून राहिलं."

बाई चैत्रात आल्या. पडवीत बसून त्यांनी वही वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मी आतल्या दारामागे उभी. सासूबाई मात्र त्यांच्या समोर जाऊन बसल्या.

"बाय, तिला काय बोलू नको. मी नेल्या. पण मला एक सांग, ती पानं रानात कुजली असती, ती शेतात जळली. मातीतच गेली ना?"

"आजी, गेली खरी. पण दुसऱ्याच मातीत." बाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली. "एका राबाला किती पातेरा लागतो?"

"भारे मोजतं कोण? लागंल तेवढा."

"आणि वाडीत राब किती?"

"जेवढी घरं, तेवढे."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. "मी पाऊस मोजला, वहाळ मोजला. तुमच्या डोक्यावरून रान खाली जातं, ते मोजलंच नाही."

मग त्यांनी मला बाहेर बोलावलं. "ऐनाच्या पिशव्यांचं काम अर्ध्यावरच तुटलं, ते पहिल्यापासून परत करावं लागेल. म्हणजे आणखी एक पावसाळा मला यावं लागेल. वही तुम्हीच लिहाल ना?"

"लिहीन," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की शेळ्यांनी मान वर केली.

त्या पावसाळ्याआधी मी घरोघर जाऊन पिशव्यांचं सांगितलं. पहिल्या दारावरून दोनदा परत फिरले, पण सांगितलं. पुढच्या फाल्गुनात बाईंनी वाडीच्या तोंडाशी आंब्याला ताणकाटा टांगला. रानातून येणारा प्रत्येक भारा तिथे टांगायचा आणि वजन मी लिहायचं. बायांना त्यात भलतीच मजा वाटू लागली. कुणाचा भारा जड ह्यावर पैजा लागल्या. काकीचा भारा सगळ्यांत जड भरला. दुसऱ्या दिवशी सासूबाई रानातून वहाळाच्या वाटेने आल्या. त्यांचा भारा टांगला तर काटा पार खाली गेला. काकीने भाऱ्याखाली हात धरला. थेंब पडत होते.

"अगो, हा पातेरा हाय का धुणं?"

सगळ्या हसल्या. सासूबाई मात्र काट्याकडेच बघत होत्या.

"तू लिव गो," त्या मला म्हणाल्या.

मी लिहिलं.

"काय लिवलंस?"

"वजन लिहिलं. आणि पुढं लिहिलं, सासूबाईंचा भारा, भिजवलेला."

त्या माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिल्या. मग भारा उचलून डोक्यावर घेत काकीला म्हणाल्या, "बगितलंस? आधी बोलत नव्हती तेच बरं होतं."