दशरथांची हमी

आमच्या नाहूरच्या सोसायटीत दशरथ राणे बत्तीस वर्षं राहतात. गिरणी बंद पडल्यावर ते लिफ्ट दुरुस्त करायला शिकले. आता सत्तरीतही कुणाचा पंखा करकरला की पाना घेऊन हजर! न सांगता काम करणारा माणूस कुठल्याच कमिटीला आवडत नाही. मी कमिटीत होते, म्हणून सांगते.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नी, वनमालावहिनी, गेटबाहेर शेवाळावरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण भीती काही जाईना. यंदा पाऊस लागल्यापासून त्या गेटपर्यंत येत आणि मागे फिरत. समोरच्या इमारतीत त्यांची बहीण राहते. तिच्याकडे गौरी येतात आणि जागरणाची गाणी वहिनींशिवाय सुरूच होत नाहीत. वहिनींना तिथे चालवत न्यायचंच, असं दशरथांनी मनावर घेतलं.

पण शेवाळ काढायचं कुणी? पालिका म्हणे, गेटचा उतार तुमचा. आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश प्रधान म्हणत, फूटपाथ पालिकेचा. वकिलाच्या ऑफिसात जन्म घालवलेला माणूस! "आपण हात लावला की जबाबदारी आपली. उद्या कुणी पडलं तर?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

दशरथ सोसायटीच्या माडाच्या झावळ्या ओढत आले. "आमच्या गावाक हद्द कोण इचारता? शेवाळ दिसला की झावळी टाकूची."

प्रधानांनी लेखी हमी मागितली. दशरथांनी वहीचं पान फाडून लिहिलं, 'या वाटेवर जो पडेल त्याला मी उचलीन.'

"याला हमीपत्र म्हणत नाहीत," प्रधान म्हणाले. तरी कागद खिशात घातला आणि गेटच्या उतारापुरती परवानगी दिली.

गौरीच्या संध्याकाळी वहिनी हिरवी साडी नेसून निघाल्या. दशरथांचा हात धरून झावळ्यांवरून छान चालल्या. उतार संपला. पुढे चार पावलं फूटपाथ, हिरवागार. वहिनी थांबल्या. "नको हो, मागे फिरूया."

दशरथांचा चेहरा बघवेना. तेवढ्यात प्रधानांनी आपली छत्री माझ्या हातात कोंबली. कडक इस्त्रीच्या लेंग्यानिशी ते वाकले आणि उरलेल्या झावळ्या रस्त्याच्या कडेपर्यंत स्वतः अंथरल्या.

"या वहिनी. हद्दीचं मी बघतो."

वहिनी गेल्या! दहा मिनिटांत समोरून त्यांचा खडा आवाज आला. मी गेटातच उभी राहून हसत होते आणि रडतही होते.

दुसऱ्या दिवशी प्रधानांनी पालिकेला पत्र लिहिलं. कमिटीत वाचूनही दाखवलं: 'सोसायटीच्या झावळ्या आपल्या हद्दीत आल्या आहेत. शेवाळ निघेपर्यंत कृपया उचलू नयेत. आमच्या वहिनी आता रोज भाजीला जाणार आहेत. सोबत हमीपत्र जोडले आहे.'