कडुनिंब जास्त झाला

२८ जुलै १९८४, शनिवार, गटारी. सकाळी सातपासून मी शेडमध्ये कोंबड्यांचे पाय सुतळीने बांधून त्यांना एकेक करून ताणकाट्याला लटकवत होते. नऊला कोंबडीवाल्याचा टेम्पो यायचा होता आणि दीड किलोच्या खालचा पक्षी तो घेत नसे.

शेड म्हणजे बोरिवलीच्या आमच्या बैठ्या घरामागे पत्रे ठोकून केलेली जागा. ह्यांची गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही, म्हणून जूनच्या सुरुवातीला आम्ही ब्रॉयलरची ऐंशी पिल्लं आणली. पहिलीच खेप. गटारीपर्यंत आठ आठवड्यांची होतील अशा बेताने आणलेली, कारण दुसऱ्या दिवसापासून श्रावण आणि आमच्या वस्तीत महिनाभर कोंबडीचं नाव कोणी घेणार नाही. ह्यांनी आधीच सांगितलं होतं, "गटारीला गेल्या तर ठीक. उरल्या तर त्यांना महिनाभर पोसणं आपल्याला झेपायचं नाही. शेड मोडून टाकू."

वाढीसाठी खाद्यवाल्याने टॉनिकची पावडर दिली होती. मालवणहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी डबा उघडून वास घेतला आणि झाकण लावून टाकलं. "शेवग्याचो पालो घाल गो. तुळस घाल. कडुनिंब चिमटीभर. आमच्या कोंब्यांक कधी डबो लागलो नाय."

मी वाद घातला नाही. शेडच्या मधोमध जाळी लावली. डावीकडच्या चाळीसांना टॉनिक, उजवीकडच्या चाळीसांना पाला. जे चांगलं ठरेल ते पुढच्या खेपेला सगळ्यांना.

पावसात पाला वाळवणं हे एक कामच होतं. खाटेखाली वर्तमानपत्रं पसरून त्यावर शेवगा आणि तुळस टाकायची, रोज उलटीपालटी करायची, हातात चुरचुर वाजायला लागली की कुटून चाळायची. पाटीभर खाद्याला ओंजळभर भुकटी. खोलीभर हिरवा, थोडा मातकट वास असायचा. कपड्यांनाही तोच. आज त्या जागेवर सात मजली इमारत आहे आणि मी तिच्यातच राहते, पण तो वास मला अजून आठवतो. खाटेखाली वाकून पाला उलटणाऱ्या सासूबाईसुद्धा. त्या दिवसांत आम्ही दोघी एकमेकींशी जितकं बोललो तितकं आधी कधी बोललो नव्हतो, आणि बोललो ते सगळं कोंबड्यांबद्दल.

पाचव्या आठवड्यात उजवीकडच्या कोंबड्या डावीकडच्यांच्या थोड्या पुढे होत्या. इथे मी चूक केली. चिमटीभर कडुनिंबाने एवढं होतं, तर ओंजळभराने काय होईल, असा विचार करून सासूबाईंना न विचारता कडुनिंब वाढवला. आपल्या घरात कडू म्हणजे औषध, आणि औषध घेशील का म्हणून कोणी विचारत नाही, प्यायला लावतात. कोंबड्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी खाद्यात चोच घातली, मान झटकली आणि तुसात जाऊन बसल्या. मला वाटलं, सवय होईल. आठवडा गेला तेव्हा सासूबाईंनी भांड्यातली चिमूट जिभेवर ठेवली आणि तिथेच थुंकल्या.

"तू खाशीत ह्यां?"

"नाही."

"मग त्येंनी काय पाप केल्यानी?"

कडुनिंब बंद झाला. शेवगा आणि तुळस चालू राहिली. कोंबड्या पुन्हा खायला लागल्या, पिसांना चकाकी आली, पण गेलेला आठवडा भरून निघाला नाही. शनिवारी काटा तेच सांगत होता. डावीकडच्या साऱ्या दीड किलोच्या वर. उजवीकडच्या सव्वा, फार तर सव्वापेक्षा थोड्या जास्त.

कोंबडीवाल्याने एकीची छाती अंगठ्याने दाबून पाहिली. "भाभी, हे तर बच्चे आहेत. आठवड्याने दिले असते तर उचलले असते. पण आठवड्याने घेणार कोण?"

टेम्पो चाळीस घेऊन गेला. हे उरलेल्यांकडे बघत दारात उभे राहिले. "सोमवारी पत्रे काढतो," एवढंच म्हणाले.

दुपारी मी गटारीचं मटण शिजवत होते. सासूबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या.

"गोराईक घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"कोणाकडे?"

"कोणाकडे काय? सगळे किरिस्ताव. थंय श्रावण पाळणत नाय."

मी पातेल्यावर झाकण ठेवलं. इतकी वर्षं खाडीपलीकडून येणाऱ्या गोराईच्या बायकांकडून भाजी घेत होते, आणि श्रावण सगळ्यांचाच असतो असं धरून चालले होते.

"एवढ्या बारीक कोंबड्या घेतील?"

"खरां सांगितलंस तर घेतीत."

ह्यांना मी संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "पत्रे सोमवारपर्यंत आहेत. बघ काय ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दहा कोंबड्या दोन टोपल्यांत भरल्या, वर ओलं गोणपाट टाकलं आणि पहिल्या होडीने खाडी ओलांडली. प्रार्थना सुटायच्या आधी चर्चपासून थोड्या अंतरावर चिंचेखाली बसले. पहिली बाई आली, तिने कोंबडी उचलून तोलली आणि म्हणाली, "हलकी आहे."

"आठवडाभर मागे राहिली आहे," मी म्हटलं. "कडुनिंब जास्त झाला, माझ्या हातून. आता शेवगा आणि तुळस खाते."

तिने दुसरीही उचलून पाहिली. मग दोन्ही स्वतःसाठी वेगळ्या काढून ठेवल्या आणि मागून येणाऱ्या जावेला हाक मारली. मी जावेला दाखवायला टोपलीतून तिसरी बाहेर काढली.